तारखांचं वेगळं टेबल काढायचं का?

डेटाबेसच्या चौथ्या-पाचव्या टेबलात पुन्हा एकदा ‘सुरुवात’ आणि ‘शेवट’ असे दोन कॉलम लिहायची वेळ आली की कुणाचा तरी हात अडखळतो. “हे सगळीकडे तेच तेच लिहितोय. तारखांचं एक टेबल करू आणि बाकीची टेबलं त्याला जोडू.” परवाच्या स्कीमा (टेबलांची रचना) रिव्ह्यूत आमच्या टीममधल्या नव्या मुलाने हेच मांडलं. मुलगा हुशार आहे. नॉर्मलायझेशन, म्हणजे एक माहिती एकाच ठिकाणी ठेवायची शिस्त, नुकतंच डोक्यात पक्कं बसलंय, त्यामुळे एखादी गोष्ट दोनदा दिसली की त्याला राहवत नाही. त्याला तोंडी जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहून ठेवते, कारण काही दिवसांनी हाच प्रश्न दुसरं कुणीतरी विचारणार आहे.

आमचं काम प्रशिक्षण संस्थांच्या सॉफ्टवेअरचं. सत्र, बॅच, परीक्षा, शिक्षकांच्या नेमणुका, फी सवलत अशी टेबलं, आणि प्रत्येकात तारखांची जोडी. त्याचा प्रस्ताव असा, की ‘तारखा’ नावाच्या टेबलात आयडी, सुरुवात, शेवट एवढेच तीन कॉलम ठेवायचे, आणि बाकी सगळीकडे फक्त त्या ओळीचा आयडी फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारा कॉलम) म्हणून.

मी विचारलं, “दोन बॅच एकाच दिवशी सुरू होतात, एकाच दिवशी संपतात. तुझ्या टेबलात ओळी किती?”

“एकच. तोच तर फायदा ना, मॅडम.”

“त्यातली एक बॅच आठवडाभर पुढे ढकलली तर?”

“मग… नवी ओळ टाकायची आणि त्या बॅचचा आयडी बदलायचा.”

“म्हणजे तारीख बदलायच्या आधी दर वेळी बघायचं, की ही ओळ आणखी कोण वापरतंय. बॅच, परीक्षा, नेमणूक, सवलत, सगळीकडे.”

“नको, मग प्रत्येकाला आपापली ओळ देऊ.”

आपापली ओळ दिली की वाटून घेण्याचा मुद्दाच संपला. उरलं काय, तर दोन कॉलम उचलून दुसऱ्या टेबलात नेले आणि ते परत आणायला प्रत्येक क्वेरीत एक जॉइन (दोन टेबलं जोडण्याचं काम) वाढला. ओळ वाटून घेतली तर एकाची तारीख बदलताना दुसऱ्याची बदलण्याची भीती, नाही घेतली तर नुसता हेलपाटा.

जागा वाचते म्हणावं तर तेही नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ‘डेट’ प्रकाराला चार बाइट लागतात. साध्या पूर्णांकाच्या कीलाही चारच, आणि बिगइंट (मोठा पूर्णांक) घेतला तर आठ. म्हणजे दोन तारखांचे आठ बाइट वाचवायला आपण चार किंवा आठ बाइटची की ठेवतो, वर नव्या टेबलाची ओळ आणि तिचा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) सांभाळतो.

हे झालं वरवरचं. खरा त्रास पुढे आहे, आणि तो आकृतीत दिसत नाही. बॅच डिलीट केली की तिची तारखांची ओळ तशीच मागे राहते. फॉरेन की बॅचकडून तारखांकडे जाते. कॅस्केड (एक ओळ उडवली की तिच्यावर अवलंबून असलेली आपोआप उडणं) चालतं ते उलट्या दिशेने, म्हणजे तारीख उडवली तर बॅच उडेल! बॅच उडवल्यावर तारीख उडवायला ट्रिगर (बदल झाला की आपोआप चालणारा कोड) लिहा, नाहीतर अनाथ ओळी साचू द्या. दुसरं, ‘प्रवेशाची अंतिम तारीख बॅचच्या शेवटाआधी हवी’ हा साधा नियम. दोन्ही कॉलम बॅचच्याच ओळीत असतील तर तो एका चेक कन्स्ट्रेंटचं (डेटाबेसने स्वतः पाळायच्या अटीचं) काम. शेवटाची तारीख दुसऱ्या टेबलात गेली की संपलं, कारण चेक कन्स्ट्रेंट फक्त स्वतःची ओळ बघतो. तिसरं म्हणजे इंडेक्स. ‘या कोर्सच्या, जूननंतर सुरू होणाऱ्या बॅच’ ही आमच्याकडे दिवसभर चालणारी क्वेरी आहे. तिला कोर्स आणि सुरुवातीची तारीख असा जोड इंडेक्स हवा. दोन टेबलांतले कॉलम एका साध्या इंडेक्समध्ये बसत नाहीत.

त्याचा गैरसमज नॉर्मलायझेशनबद्दलचा होता. किंमत (व्हॅल्यू) दोनदा दिसणं म्हणजे पुनरावृत्ती नव्हे. नॉर्मल फॉर्म बघतात ते कुठली गोष्ट कशावर अवलंबून आहे हे. दोनशे ओळींत १ जून लिहिलेलं असलं तरी ती दोनशे स्वतंत्र विधानं असू शकतात. एकाच दिवशी जन्मलेली दोन माणसं काही जुळी भावंडं ठरत नाहीत.

मग वाटून घेतलेली तारीख असते तरी का? असते. ती ओळखायला मी एकच प्रश्न विचारते: ही तारीख उद्या बदलली, तर आणखी कुठे कुठे ती आपोआप बदलायला हवी? उत्तर ‘कुठेच नाही’ असेल तर कॉलम जिथल्या तिथे राहू दे, कितीही टेबलांत तसाच दिसत असला तरी. उत्तर ‘या सगळ्या ठिकाणी’ असेल तर ती तारीख त्यांची नाहीच. ती त्यांच्या वरच्या कुठल्यातरी गोष्टीची आहे, आणि त्या गोष्टीला स्वतःचं नाव हवं. आमच्याकडे ती गोष्ट म्हणजे सत्र. सत्राला नाव आहे, प्रमुख आहे, त्याच्या तारखा कुणीतरी ठरवतं आणि जाहीर करतं. तेव्हा ‘सत्र’ टेबल हवंच आणि बॅचमध्ये सत्राचा आयडी हवा. पण तो तारखा वाचवायला नव्हे. बॅच खरोखरच त्या सत्रातली असते म्हणून. ‘तारखा’ नावाच्या टेबलाला असा कुणी धनी नसतो. त्यातली एखादी ओळ कुणाची आहे, ती कुणी बदलायची, हे संस्थेत कुणाला विचारलंत तरी सांगता येणार नाही.

इथपर्यंत तो पटापट मान डोलवत होता. गुंता सुरू झाला तो फीच्या बिलापाशी.

फी भरायची मुदत सत्राच्या सुरुवातीपासून पंधरा दिवस. मग ती साठवायचीच कशाला, सत्रावरून दर वेळी काढता येईल की! बिल निघेपर्यंत हे बरोबर आहे. बिल निघून पालकांच्या हातात पडलं की त्यावर छापलेली तारीख हे संस्थेने दिलेलं वचन झालं. नंतर सत्र दहा दिवस पुढे गेलं म्हणून कालच्या बिलावरची मुदत आपोआप सरकली, तर दंड कुणाला लावायचा आणि कुणाला नाही याचा हिशेब जुळायचा नाही. त्यामुळे बिलात मुदतीचा स्वतःचा कॉलम हवा आणि त्यात बिल निघतानाची तारीख उतरवून ठेवायला हवी. दिसायला ही नक्कल आहे, पण ती मुद्दाम केलेली आहे. ऑर्डरमध्ये वस्तूचा त्या दिवशीचा भाव लिहून ठेवतात, तसाच हा प्रकार. सत्र सरकलं म्हणून बिलांच्या मुदती वाढवायच्या असतील तर तो वेगळा निर्णय आहे. तो कुणीतरी घ्यावा, बटण दाबावं आणि त्याची नोंद राहावी.

म्हणजे एकाच सत्राच्या तारखेशी तीन तऱ्हांची नाती निघाली. बॅच ती तारीख वापरते, म्हणून सत्र सरकलं की बॅच सरकते. बिल ती उतरवून घेतं, मग सत्र सरकलं तरी बिल जागचं हलत नाही. आणि परीक्षेची तारीख सत्राच्या आत पडते एवढंच. ती परीक्षा विभाग ठरवतो, तिचा सत्राच्या तारखांशी संबंध फक्त मर्यादेपुरता. स्कीमाच्या आकृतीत तिन्हीकडे सत्राकडे जाणारा सारखाच बाण दिसतो. हा फरक कॉलमच्या कॉमेंटमध्ये लिहिला नाही, तर नंतर येणारा माणूस बिलातली मुदत ‘अनावश्यक’ म्हणून काढून टाकणारच.

बॅचचंही इतक्यात संपत नाही. बहुतेक बॅच सत्राप्रमाणे चालतात, पण एखादी उशिरा सुरू होते. त्यासाठी बॅचमध्ये स्वतःच्या सुरुवात-शेवट तारखा ठेवायच्या, रिकाम्या ठेवता येतील अशा. नल (रिकामी) असेल तर सत्राची तारीख धरायची, भरलेली असेल तर तीच खरी. कोअ‍ॅलेस (पहिली नल नसलेली किंमत देणारं फंक्शन) वापरून एक व्ह्यू (टेबलासारखी वापरता येणारी साठवलेली क्वेरी) करायचा आणि रिपोर्टवाल्यांनी त्या व्ह्यूलाच हात लावायचा, मूळ टेबलाला नाही. ही पद्धत मला पसंत आहे, पण दोन अटींवर.

पहिली अट, नलला एकच अर्थ. आमच्या जुन्या नेमणुकांच्या टेबलात शेवटाची तारीख नल म्हणजे ‘अजून चालू आहे’. बॅचमध्ये नल म्हणजे ‘सत्राप्रमाणे’. एखादी बॅच बेमुदत चालणारी असेल तर ती कशी लिहायची? पोस्टग्रेसमध्ये तारखेला ‘इन्फिनिटी’ ही किंमत देता येते, तिथे प्रश्न सुटतो. बाकीच्या ठिकाणी ९९९९ सालची ३१ डिसेंबर टाकायची चाल आहे. मला ती आवडत नाही, कारण कधीतरी ती तारीख कुणाच्या तरी छापील पत्रावर जाते. तिथे मी सरळ ‘बेमुदत’ असा हो-नाही कॉलम वाढवते.

दुसरी अट, दोन्ही तारखा भरा, नाहीतर दोन्ही रिकाम्या ठेवा. सुरुवात स्वतःची आणि शेवट सत्राचा असा अर्धा मामला झाला, तर ‘सुरुवात शेवटाआधी हवी’ हे पुन्हा चेक कन्स्ट्रेंटच्या आवाक्याबाहेर जातं, आणि सत्र अलीकडे ओढलं की एखादी बॅच सुरू होण्याआधीच संपलेली दिसते. पोस्टग्रेसमध्ये ‘सुरुवात नल आहे’ आणि ‘शेवट नल आहे’ या दोन विधानांमध्ये बरोबरचं चिन्ह टाकलं की काम होतं; काही डेटाबेसमध्ये तेच अँड-ऑरमध्ये जरा लांबवून लिहावं लागतं. जाता जाता, मायएसक्यूएलवर असाल तर आवृत्ती बघा. ८.०.१६ च्या आधी तिथे चेक कन्स्ट्रेंट लिहिता यायचा, तक्रार काही यायची नाही, आणि तो पाळलाही जायचा नाही.

‘निर्मिती वेळ’ आणि ‘बदल वेळ’ हे दोन कॉलम प्रत्येक टेबलात असतात, म्हणून मुलाने लगेच विचारलं, “मग हे तरी एकत्र करू?” नाही. वरचा प्रश्न लावा: एका ओळीची निर्मिती वेळ बदलली तर दुसऱ्या कशाची बदलते? कशाचीच नाही. इथे समान आहे ती लिहिण्याची मेहनत, आणि ती वाचवायची जागा म्हणजे कोड. ओआरएममध्ये (टेबलांना कोडशी जोडणारी लायब्ररी) मिक्सिन (अनेक ठिकाणी वापरायचा सामाईक तुकडा) करा, मायग्रेशनचा (टेबलं बदलणाऱ्या कोडचा) साचा करा, मजा करा. पोस्टग्रेसमधलं टेबल इनहेरिटन्स (एका टेबलाचे कॉलम दुसऱ्याला वारशाने मिळणं) यासाठी मोहात पाडतं; पण मूळ टेबलावरचे युनिक (किंमत दोनदा येऊ न देणारी अट) आणि फॉरेन की वारस टेबलांना लागू होत नाहीत, म्हणून मी त्या वाटेला जात नाही.

या कल्पनेचा दुसरा अवतार जास्त धोकादायक आहे. एकच टेबल, त्यात ‘कशाचं’, ‘कोणता आयडी’, ‘कुठली तारीख’ आणि ‘किंमत’ असे चार कॉलम. बॅच, ४१२, सुरुवात, १ जून. पहिल्या दिवशी हे फार लवचीक वाटतं: नवी तारीख हवी तर कॉलम वाढवायला नको, नुसती ओळ टाका. पण ४१२ हा आयडी कधी बॅचचा, कधी परीक्षेचा, त्यामुळे फॉरेन की लावताच येत नाही. प्रत्येक सत्राला सुरुवातीची तारीख हवीच, ही सक्ती नॉट नलने एका शब्दात झाली असती. इथे तिला जागाच नाही. एका बॅचच्या चार तारखा एका ओळीत हव्या असतील तर त्याच टेबलाशी चार जॉइन. एका जुन्या सिस्टिमचा डेटा आमच्याकडे आणताना मी असं टेबल उघडून पाहिलंय. ‘कशाचं’ या कॉलममध्ये ‘बॅच’ होतं, ‘बॅचेस’ होतं आणि शेवटी एक स्पेस असलेलं ‘बॅच’ही होतं. तिन्हींच्या तारखा खऱ्या होत्या.

याला न्याय्य जागा एकच: तारखांचे प्रकार वापरणाऱ्यांनी स्वतः ठरवायचे असतील तेव्हा. एका संस्थेला ‘ओळखपत्र वाटप’ हवं, दुसरीला ‘पालकसभा’. तिथेही मी सगळ्यांसाठी एक टेबल करत नाही. ‘बॅच तारखा’ असं फक्त बॅचचं टेबल, खरी फॉरेन की, प्रकारांची वेगळी यादी, आणि बॅच व प्रकार मिळून युनिक.

मुलाच्या डोक्यात ही कल्पना कुठून आली ते नंतर उलगडलं. त्याने डेटा वेअरहाउसचा (रिपोर्ट आणि विश्लेषणासाठी साठवलेल्या डेटाचा) कोर्स केला होता. तिथे तारखांचं वेगळं टेबल खरंच असतं, आणि असायलाच हवं. डेटा वेअरहाउसची पद्धत मांडणाऱ्या राल्फ किम्बॉल यांच्या पद्धतीत डेट डायमेन्शन ही पहिल्या धड्यातली गोष्ट आहे: दर दिवसाला एक ओळ, बहुधा २०२५०६०१ अशी की, आणि पुढे वार, आठवडा, तिमाही, आर्थिक वर्ष, सुट्टी की कामाचा दिवस. दहा वर्षांचं टेबल केलं तरी ओळी साधारण ३,६५० भरतात. ऑर्डरची तारीख आणि डिलिव्हरीची तारीख, दोन्ही त्याच टेबलाला वेगवेगळ्या नावांनी जोडतात. पण तिथली ओळ ही ‘१ जून २०२५’ या दिवसाबद्दल असते. तो दिवस पुढे ढकलला जात नाही, म्हणून हजारो जणांनी ती ओळ वाटून घेतली तरी कुणाचं काही बिघडत नाही. त्याच्या टेबलातली ओळ ‘या बॅचची मुदत’ होती, आणि मुदत बदलते. असं कॅलेंडर आम्हीही ठेवलंय, कामाचे दिवस मोजायला. त्याची प्रायमरी की (ओळ ओळखायचा कॉलम) मात्र तारीख स्वतःच आहे. वेगळा आयडी दिलेला नाही, त्यामुळे बॅचमधली तारीख वाचायला जॉइन लागत नाही.

सगळ्या स्कीमात खरोखर एकच असायला हवा तो शेवटाचा अर्थ. शेवट ३० जून म्हणजे ३० तारीख धरून, की तिच्या आदल्या दिवसापर्यंत? एका टेबलात असं आणि दुसऱ्यात तसं असेल तर एका दिवसाच्या चुका निघतात, आणि त्या शोधायला दुपार जाते. वेळेसह साठवलं असेल तर आणखी पंचाईत. ‘३० तारखेच्या २३:५९:५९ पर्यंत’ लिहिणाऱ्याच्या हातून शेवटचा सेकंद निसटतो. एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या डेटटाइममध्ये हुशारीने २३:५९:५९.९९९ लिहिलंत तर ते गोल होऊन दुसऱ्या दिवसाचे शून्य वाजतात. ओरॅकलमध्ये ‘डेट’ प्रकारात वेळही असते, हेही कुणी सांगेपर्यंत लक्षात येत नाही. मी साठवताना शेवट नेहमी वगळून धरते: १ जूनपासून १ जुलैच्या आधीपर्यंत. स्क्रीनवर माणसांना ३० जूनच दाखवायचं. असं केलं की एकाचा शेवट तीच दुसऱ्याची सुरुवात होते, आणि दिवस मोजायला साधी वजाबाकी पुरते.

पोस्टग्रेसवर असाल तर ही शिस्त डेटाबेसच पाळून देतो. २०१२ साली ९.२ आवृत्तीत रेंज (सुरुवात-शेवट एकाच कॉलमात धरणारे) प्रकार आले. डेटरेंजमध्ये १ ते ३० जून, दोन्ही धरून, असं टाकलंत तरी तो ते १ जून ते १ जुलै, शेवट वगळून, असं करून ठेवतो. त्यावर एक्स्क्लूजन कन्स्ट्रेंट लावला की एका शिक्षकाच्या दोन नेमणुका एकमेकींवर चढत नाहीत; ॲपमध्ये तपासणी लिहिली असो वा नसो. २०२५ मध्ये आलेल्या १८ व्या आवृत्तीत हेच प्रायमरी कीच्या व्याख्येत ‘विदाउट ओव्हरलॅप्स’ म्हणून लिहिता येतं. दोन कॉलमना एक घर हवंच असेल तर हे घर मला मान्य आहे. ते त्याच ओळीत राहतं.

आणि एकाच टेबलात अर्ज केल्याची, मंजूर झाल्याची, रद्द झाल्याची, पुन्हा सुरू केल्याची अशा तारखांची रांग लागली असेल, तर त्या वेगळ्या टेबलात नेण्याच्या बाजूने मीही आहे. दुसऱ्यांदा रद्द झालं की पहिली तारीख पुसली जाते, म्हणून. तिथे प्रत्येक घटनेची एक ओळ: काय झालं, केव्हा, कुणी केलं.

ज्यांच्याकडे ‘तारखा’ टेबल आधीच चालू सिस्टिममध्ये बसलेलं आहे, त्यांनी घाई करू नये. आधी एकापेक्षा जास्त ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या ओळी काढा, आयडीवर ग्रुप करून. त्यांची यादी घेऊन काम बघणाऱ्या माणसांकडे जावं लागतं: या दोन बॅच मुद्दाम एकत्र बांधल्या होत्या, की योगायोगाने? ‘मुद्दाम’ असं उत्तर आलेल्यांच्या मागे बहुधा सत्रासारखं एखादं न लिहिलेलं टेबल सापडतं. ते लिहा. मग उरलेल्या टेबलांत कॉलम वाढवा, किमती उतरवून घ्या, काही दिवस दोन्हीकडे लिहा आणि रोज रात्री दोन्ही बाजूंची तुलना करणारी क्वेरी लावा. फरक निघेनासा झाला की वाचणारा कोड नव्या कॉलमवर वळवा, मग जुन्या टेबलात लिहिणं थांबवा आणि त्या फॉरेन की काढा. टेबल लगेच ड्रॉप करू नका. नुसतं नाव बदलून ठेवा. महिनाअखेरचा एखादा रिपोर्ट अजून त्यालाच धरून बसलेला असतो, आणि तो कुणी लिहिला हे कुणालाच आठवत नसतं.